पाच वाजताचा वास

अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर तोंडातून पहिलं धड वाक्य बाहेर पडलं, तेव्हा नंदकुमार थोरवत आपल्या बायकोला म्हणाले, "साखर बेतानंच घाला वहिनी, आमची वाढलीय."

उज्ज्वला त्यांचं तोंड पुसत होती. तिने आधी मागे वळून दारात कोण आलंय ते पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आवाज नवऱ्याचाच होता, जरा घोगरा, जरा अडखळता. पण वाक्य होतं पलीकडच्या गल्लीतल्या हणमंतरावांचं. हणमंतराव रोज संध्याकाळी समाचाराला यायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि कप हातात येण्याआधी हेच म्हणायचे. नंदकुमारांना साखरेचा त्रास कधीच नव्हता. दोन चमचे भरून घातल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

बंगळुरूला असलेल्या लेकीला, ऋतुजाला, तिने फोन करून हे सांगितलं. ऋतुजा आधी रडली आणि मग हसत सुटली. दुपारपर्यंत बातमी सगळ्या शनिवार पेठेत पोचली. थोरवत बोलायला लागले, पण हणमंतरावांचं बोलतात, असं जो तो सांगू लागला, आणि खुद्द हणमंतरावांना तर आपल्या हातून काही पुण्यकर्म घडल्यासारखं वाटायला लागलं. घरात कित्येक महिन्यांनी हसू आलं होतं. उज्ज्वलाही पोटभर हसली.

नंदकुमार कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या विजेवर धावू लागल्या, फलाटांवर मोठमोठे पडदे आले, घोषणा यंत्र करू लागलं, तरी त्यांचा माइक काही कोणी काढून घेतला नव्हता. यंत्र बिघडलं की सगळ्यांना थोरवतांची आठवण यायची, आणि यंत्र आठवड्यातून एकदा तरी बिघडायचंच. अर्ध्या तालुक्याला ज्यांचा आवाज पाठ, त्या माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला आणि शब्द तर सगळेच्या सगळे गेले. उरला एकच, 'फलाट'. पाणी हवं असलं तरी फलाट, पाठ खाजली तरी फलाट, आणि रडू आलं तरी फलाटच.

मिरजेच्या एका वाणी-केंद्रात नवी उपचारपद्धती आली होती. तिथली मैत्रेयी गुरव नावाची पोरगेलीशी वाणीतज्ज्ञ घरी आली, आणि तिने ती पद्धत उज्ज्वलाला स्वयंपाकघरातच समजावून सांगितली.

"बाजारातून आणलेला माल तुम्ही आधी कुठं ठेवता, काकू?"

ओट्यावर, उज्ज्वला म्हणाली. आणि डब्यांत कधी भरता? रात्री, सगळं आवरल्यावर. मग मेंदूचंही तसंच आहे, मैत्रेयी म्हणाली. दिवसभरात जे दिसतं, ऐकू येतं, शिकलं जातं, ते आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या एका चिमुकल्या भागात पडून राहतं. तो झाला ओटा. माणूस गाढ झोपला की मेंदूत संथ, उंच लाटा उठतात, आणि त्या लाटांच्या तालावर मेंदू दिवसातल्या गोष्टी पुन्हा पुन्हा आतल्या आत घोळवतो. अशा घोळवलेल्या गोष्टी मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे डब्यांत, कायमच्या जाऊन बसतात. बाकीचं सगळं सकाळी ओटा पुसताना निघून जातं. काय भरायचं आणि काय पुसायचं हे मेंदू आपल्या मर्जीने ठरवतो. आपण फक्त त्याला एक खूण करायची, की हे आधी भर.

खूण वासाची. आवाज केला तर माणूस जागा होतो, दिवा लावला तर होतो, पण वासाने सहसा होत नाही. वास झोपमोड न करता थेट आत जातो. म्हणून रोज शब्दांचा पाठ चालू असताना खोलीत एक ठरावीक वास सोडायचा. रात्री कपाळावरची पट्टी मेंदूतल्या लाटा ओळखणार आणि लाट चढतीला असताना उशीजवळच्या डबीतून तोच वास हलकेच सोडणार. मेंदूला वाटतं पाठाची वेळ झाली, आणि तो पाठातले शब्द आधी उचलतो. शिवाय ही नवी पट्टी गाढ झोप ताणून लांबवते, त्यामुळे एका रात्रीत दोन-तीन रात्रींचं काम होतं.

"त्यापायी स्वप्नांची झोप तेवढी कमी होईल," मैत्रेयी म्हणाली. स्वप्नं न पडल्याने कुणाचं काय अडतं, असं उज्ज्वलाला वाटलं. तिने पुढे काही विचारलं नाही.

वास मात्र घरात कधीच नसलेला हवा होता. कापूर, उदबत्ती, हिंग, बाम सगळं बाद झालं. शेवटी बर्फाळ मुलखातल्या कुठल्याशा झाडाच्या चिकाचा वास आला. घरात त्याला नाव नव्हतं. पाच वाजताचा वास, एवढंच म्हणायचे.

नियमही एकच होता. पाच ते सहा डबी उघडायची, पडद्यावरचा पाठ लावायचा, दार बंद करायचं आणि खोलीत पाठाखेरीज दुसरा शब्द येऊ द्यायचा नाही. आता कराडात संध्याकाळी पाच वाजता आजारी माणसाच्या घराचं दार बंद ठेवायचं, हे ज्या कुणी ठरवलं तो कधी कराडात आजारी पडलेला नसावा. चार वाजले की माणसं तोंड धुऊन निघायची, हातात शहाळं किंवा मोसंबी घेऊन पाचाला दारात हजर. त्यांना उलट पाठवलं असतं तर थोरवतांनी दार लावून घेतलं म्हणून पेठेत बभ्रा झाला असता. नंदकुमारांची खाट बाहेरच्याच खोलीत होती, कारण आतल्या खोल्यांना उंबरे. मग खाटेभोवती खुर्च्या मांडल्या जायच्या. पडद्यावरची बाई "पाणी, वाटी, चमचा" म्हणत राहायची आणि पाहुणे आपापलं बोलत राहायचे.

उज्ज्वलालाही ती माणसं हवी होती. वाचनालयातल्या नोकरीवर तिने बिनपगारी रजा टाकली होती. दिवसभर घरात एक शब्द ऐकू यायचा, आणि तो फलाट असायचा. संध्याकाळी कुणी 'कशी आहेस' म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. तास दीड तास ती माणसांत असायची, आणि तेवढ्यावर दुसरा दिवस निघायचा.

हणमंतरावांच्या वाक्यानंतर नंदकुमार रोज काहीतरी नवं बोलू लागले. त्यात पाणी आणि वाटी होतीच. पण एका सकाळी दूधवाल्याला ते स्वच्छ म्हणाले, "आमच्या साडूंना असंच झालं होतं. गेले बिचारे." दूधवाला हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाच्या तरी सुनेचं गाऱ्हाणं तिच्या सासूच्या शब्दांत आख्खं म्हणून दाखवलं, तेही त्या सुनेसमोर. तेव्हा मात्र उज्ज्वलाने मैत्रेयीला बोलावून घेतलं.

मैत्रेयीने सगळं ऐकलं, आधी खळखळून हसली, मग कपाळावर हात मारून घेतला. वासाला पाठ कुठला आणि गप्पा कुठल्या हे कळत नाही, ती म्हणाली. त्या तासात खोलीत जे जे बोललं गेलं, ते सगळं त्या वासाला बांधलं गेलंय. वर आणखी एक आहे. ज्या बोलण्यात रडणं असतं, राग असतो, चोरून सांगितलेलं काही असतं, ते मेंदूला 'वाटी' आणि 'चमचा' यांच्यापेक्षा मोलाचं वाटतं. मेंदू तेच पहिल्यांदा उचलतो.

उज्ज्वला कप विसळत होती. तिचा हात नळाखाली तसाच राहिला.

हणमंतरावांचं वाक्य येण्याआधीच्या एका मंगळवारची ती संध्याकाळ होती. इस्लामपूरहून तिची धाकटी बहीण वंदना आली होती. त्या दिवशी चादरी चारदा बदलाव्या लागल्या होत्या, नंदकुमारांनी भाताचा घास तोंडातून बाहेर टाकला होता आणि तिला आदल्या कित्येक रात्रींत सलग झोप नव्हती. वंदनाने नुसता पाठीवर हात ठेवला आणि उज्ज्वलाचा बांध फुटला. खाटेपासून हाताच्या अंतरावर बसून ती म्हणाली होती, "वंदे, त्या दिवशीच गेले असते ना, तर तेही सुटले असते आणि मीही." वंदनाने डोळ्यांनी खाटेकडे खुणावलं होतं. त्यावर उज्ज्वला म्हणाली होती, त्यांना काय कळतंय. नंदकुमार डोळे मिटून पडले होते, आणि खिडकीत डबी उघडी होती.

तिने नळ बंद केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा एखादं वाईट काही बोललं गेलं असेल, तर काळ जाईल तसं त्याचं दुःख कमी होतंच ना.

एरवी होतं, मैत्रेयी म्हणाली, पण ते काम काळ करत नाही, स्वप्नं करतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू दिवसातले कडू प्रसंग पुन्हा हाताळतो, आणि नेमकं त्याच वेळी धास्ती, संताप जागवणारं रसायन त्याने बंद करून ठेवलेलं असतं. त्यामुळे आठवण राहते आणि तिचा डंख मोडतो. म्हणून तर रात्री कडाकडा भांडलेली माणसं काही दिवसांनी त्याच भांडणावर हसतात. "आपण काकांची तीच झोप कमी केलीय," ती म्हणाली. "त्यामुळं जे बसेल ते डंखासकट बसेल. का हो, तसं काही झालंय का?"

"नाही गं. सहज," उज्ज्वला म्हणाली.

त्या दिवसापासून तिने पाहुण्यांच्या खुर्च्या मागच्या अंगणात मांडल्या. पण जे गेलं ते गेलंच होतं. वास तोच होता, आणि रोज रात्री डबी जेव्हा जेव्हा उघडत असेल तेव्हा 'पाणी' आणि 'वाटी' यांच्याबरोबर तिचं ते वाक्यही उचललं जात असणार, आणखी खोल जात असणार. ती आत पडल्या पडल्या याचाच विचार करी. सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघायची तिला भीती वाटू लागली. भरवायला बसली की ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. ते कळून फिरवत होते की मान दुखत होती, हे तिला ठरवता येईना. विचारायची तर छातीच नव्हती.

काही दिवस तिने डबी उघडलीच नाही. मैत्रेयीला सांगितलं की बिघडलीय. शब्दांची आवक लगेच आटली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की झटक्यानंतरचे पहिले काही महिनेच मेंदू असा मऊ असतो, तेवढ्यात जे परत येईल ते येईल. आणि नंदकुमार स्वतःच पाच वाजले की डाव्या हाताने खिडकीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "वास." तीन-चार दिवस तिने न ऐकल्यासारखं केलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि तिने डबी उघडली. बोलणारा नवरा हवा असेल तर ते वाक्यही त्याच्याबरोबर घरात येणार होतं.

रविवारी ऋतुजाचा फोन पडद्यावर होता. ती बाबांना एकेक वस्तू दाखवून नाव विचारत होती आणि ते बरोबर सांगत होते. कप. चष्मा. पोपट. मग ते थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी मोठं उचलताना पडतात तशा. आणि ते म्हणाले, "त्या दिवशीच… गेले असते… सुटले असते."

ऋतुजाच्या हातातला खेळण्यातला पोपट खाली आला. काय बाबा, तिने विचारलं. ते पुन्हा म्हणाले, "सुटले असते."

ते दोन शब्द उज्ज्वलाच्या आवाजाच्या चढउतारासकट आले होते. पण असलं वाक्य घरात दुसरं कुणी बोललं असेल, हे ऋतुजाच्या मनात कसं यावं? तिला वाटलं बाबा स्वतःबद्दलच बोलतायत, बाबांना मरून जावंसं वाटतंय. ती पडद्यावरच रडायला लागली, "आई, हे कधीपासून चाललंय, तू मला सांगितलं का नाहीस" असं विचारू लागली. हीच वेळ होती. एक वाक्य बोललं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. उज्ज्वला म्हणाली, "मलाही आजच कळलं."

हे बोलताना तिला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी त्या मंगळवारीही आली नव्हती. त्या वेळी ती थकून बोलली होती. आज ती लेकीसमोर, शुद्धीवर, नवऱ्याच्या तोंडावर खोटं बोलली होती, आणि तो ऐकत होता.

ऋतुजा स्वस्थ बसणारी नव्हती. संध्याकाळपर्यंत तिने मानसोपचारतज्ज्ञ गाठला होता. ज्या रुग्णाला जगणं नकोसं झालंय त्याला आधी देखरेखीखाली ठेवायचं, मन शांत करणाऱ्या गोळ्या सुरू करायच्या आणि पट्टी ताबडतोब काढायची, असा त्याचा सल्ला पडला. शनिवारी ती स्वतः येऊन बाबांना मिरजेला भरती करणार होती. म्हणजे शब्द जाणार, घरही जाणार, आणि हे सगळं का, तर उज्ज्वलाच्या तोंडून खरं निघेना म्हणून.

तिने फोन केला, पण लेकीला नाही. मैत्रेयीला केला आणि सगळं सांगून टाकलं. मैत्रेयी म्हणाली की एक वाट आहे. पट्टी जसं बसवते तसं उखडतेही. मोठ्या अपघातांतून वाचलेल्या माणसांसाठी ते वापरतात. लाट चढतीला असताना वास दिला तर आठवण पक्की होते. तीच लाट उतरून मेंदूच्या पेशी गप्प झालेल्या असताना दिला तर आठवण विस्कटते. मात्र पाच वाजताचा वास त्यासाठी चालणार नाही, त्याने तर काकांचे सगळेच शब्द पुसले जातील. नवा वास हवा. आणि एक अट आहे.

"आठवण आधी जागी करावी लागते, काकू. नवा वास सोडून, त्याच खोलीत, त्याच आवाजात ते वाक्य काकांना पुन्हा ऐकवावं लागेल. जागी झालेली आठवण काही तास ओल्या मातीसारखी असते. तेवढ्यात पुसली तर पुसली."

"म्हणजे मी पुन्हा म्हणायचं? त्यांच्यासमोर?"

"हो. फक्त ते वाक्य. का म्हणताय ते सांगू नका, नाहीतर तेही त्यात मिसळेल."

त्यांना विचारायला नको का, उज्ज्वलाने विचारलं. मैत्रेयी म्हणाली की रुग्णाला बोलता येत नसेल तर नियमाप्रमाणे बायकोची सही चालते. उज्ज्वलाने सही केली. दुसऱ्या दिवशी दुसरी डबी आली. तिच्यात शेवाळासारखा, जरा खारट वास होता.

पाच वाजता तिने दार लावलं, कडी घातली. कडी वाजतेय तोच हणमंतराव आले. "आज नाही, हणमंतराव," ती आतूनच म्हणाली. हणमंतराव क्षणभर घुटमळले, मग त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला.

पडदा बंद होता. तिने डबी उघडली, त्या दिवशी बसली होती तिथेच खुर्ची ओढून बसली. नंदकुमारांनी नाक वर करून हवा हुंगली आणि तिच्याकडे पाहिलं. वास वेगळा आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वाक्य तिच्या जिभेवर होतं. रात्रंदिवस ती तेच तर घोकत होती. तरी तोंडातून निघेना. शेवटी तिने डोळे मिटले आणि म्हणून टाकलं.

"त्या दिवशीच गेले असते ना, तर तेही सुटले असते आणि मीही."

तिने डोळे उघडले तेव्हा ते तिच्याकडेच बघत होते.

"माहीत आहे," नंदकुमार म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वंदना. पिवळी साडी."

त्या दिवशी वंदना कुठली साडी नेसली होती हे उज्ज्वलाला काही केल्या आठवेना. न झोपलेल्या तिच्या डोक्यात त्या संध्याकाळचं त्या वाक्याखेरीज काहीच उरलं नव्हतं. त्यांच्यापाशी मात्र ती सगळीच्या सगळी होती. तिने ठरवलं होतं की एवढंच म्हणून उठायचं. पण बसल्या जागेवरून तिला हलता येईना, आणि मैत्रेयीने जे सांगू नका म्हणून बजावलं होतं तेच तिने सांगितलं. आज रात्री हे पुसलं जाईल. सकाळी उठाल तेव्हा मी असं काही बोलले होते हे तुम्हाला माहीतही नसेल. तसं ठरलंय.

"कोणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांच्या डाव्या हाताची मूठ चादरीवर वळली. पूर्वी चालकाने गाडी उशिरा लावली की अशीच वळायची. "नको," ते म्हणाले.

का नको, तिने विचारलं. कशाला जपून ठेवायचं असलं वाक्य? ते शब्द जुळवू लागले. कितीतरी वेळ गेला. तिने मधे एकही शब्द सुचवला नाही.

"आधी सगळा… गलका. तू बोलायचीस. गलका. डॉक्टर… गलका. ऋतू पण." ते थांबले, श्वास घेतला. "मग ते. ते कळलं. सगळं कळलं. पहिलं."

उज्ज्वलाला आधी उमगलं नाही. मग तिने ते शब्द जोडून पाहिले तेव्हा उमगलं. झटक्यानंतर महिनोन्महिने माणसांचं बोलणं त्यांना नुसतं आवाज म्हणून ऐकू येत होतं. त्या गलक्यातून अर्थासकट वर आलेलं पहिलं वाक्य तिचं होतं. पाणी, वाटी, हणमंतरावांची साखर, सगळं त्याच्यामागून आलं. आपल्याला माणसांची भाषा पुन्हा कळायला लागली हे त्या माणसाला ज्या क्षणी समजलं, त्याच क्षणी बायकोला आपण मेलेले बरे वाटतो हेही समजलं. आणि हे त्याने एकट्याने, तोंड न उघडता, इतके दिवस सोसलं होतं. ती तोंडावर पदर घेऊन रडली. माफ करा, असं एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली नाही.

"राग आला?" तिने शेवटी विचारलं.

"आला."

"अजून आहे?"

"आहे."

त्यांनी ते सरळ सांगितलं, वेळ सांगितल्यासारखं. मग त्यांची नजर तिच्यावर तशीच राहिली, आणि ओठ पुन्हा हलले.

"तुला… अजून?"

तिने खिडकीकडे पाहिलं. डबी उघडी होती. या खोलीत आता जे बोललं जाईल ते त्या वासाला बांधलं जाणार, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? नाही म्हणणं सोपं होतं. छे हो, भलतंच काय, असं म्हटलं असतं तर ते गोड वाक्य त्यांच्यापाशी जन्मभर राहिलं असतं. पण तिच्यासमोरचा हा माणूस तिचा आवाज आता रोमारोमातून ओळखत होता.

"कधीकधी," ती म्हणाली. "चादर बदलताना. माझी पाठ धरते तेव्हा. रात्री तुमच्या हाकेनं चौथ्यांदा उठले की." तिने नाक पुसलं. "आज नाही."

"बरं," नंदकुमार म्हणाले. त्यांनी हात पुढे केला नाही. पण भिंतीकडेही तोंड फिरवलं नाही.

सहा वाजायच्या आत तिने ऋतुजाला फोन लावला आणि ते वाक्य कुणाचं आहे ते सांगितलं, रविवारी आपण खोटं बोललो हेही सांगितलं. मग ऋतुजा म्हणाली, तुझ्याशी काय बोलायचं ते मला आत्ता कळत नाहीये आई, बाबांना दे. बापलेकीचं काय बोलणं झालं ते उज्ज्वलाने ऐकलं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. शनिवारची भरती ऋतुजाने रद्द केली. शनिवारी येणार मात्र होती. आईला काही बोलायला येणार होती की मदतीला, ते तिने सांगितलं नाही.

दिवेलागणीला मैत्रेयीचा फोन आला. पट्टीची मांडणी तिच्याकडूनच व्हायची होती. वाक्य म्हणून झालं का, तिने विचारलं. मग आज रात्रीसाठी नवी डबी उतरत्या लाटेवर लावते, म्हणजे पुसलं जाईल.

"मला विचारू नकोस," उज्ज्वला म्हणाली, "त्यांना विचार," आणि तिने फोन नंदकुमारांच्या कानाला लावला.

मैत्रेयीने काहीतरी बरंच मोठं विचारलं असावं. ते शांतपणे ऐकत राहिले.

"ठेवा," ते म्हणाले.

फोन परत उज्ज्वलाच्या हातात आला तेव्हा मैत्रेयीचा आवाज जरा चाचरत होता. मग मी चढत्या लाटेवर लावते, ती म्हणाली, पण त्या तासात जे जे बोललात ते सगळंच पक्कं होईल हं, काकू. तुम्ही जे काही उत्तर दिलं असेल तेसुद्धा.

"होऊ दे," उज्ज्वला म्हणाली. तिने पट्टी घेतली, नवऱ्याच्या कपाळावर नीट बसवली, आणि दुसरी डबी त्यांच्या उशीजवळ ठेवली.